मातीला

लातूरकडे अंत्यविधीला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. जाळलं तरी माती, पुरलं तरी माती. मी ख्रिस्ती घरातला. लहानपणी मला वाटायचं, हा शब्द आमचाच असणार.

पुढे बायबल नीट वाचताना तो पहिल्याच पानांवर भेटला. हिब्रूत भुईला ‘अदामा’ म्हणतात आणि तिच्यातून घडलेल्या माणसाला ‘आदाम’. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि तो जिवंत होतो. इथं मी बरीच वर्षं अडखळत होतो. आत्मा आधी होता आणि त्याला नंतर कुडी मिळाली, असं तिथं नाहीच. माती आणि श्वास मिळून झाला तो माणूस. देहाला पिंजरा म्हणायची सवय आमच्या उपदेशांतही शिरलीय, पण ख्रिस्ती श्रद्धेची आशा आत्म्याच्या सुटकेवर थांबत नाही, ती देहाच्या पुनरुत्थानाची आहे.

त्याआधीच्या अध्यायात आणखी मोठी गोष्ट आहे. मिसर आणि अश्शूरमध्ये देवाची प्रतिमा म्हणून राजाला मान असे. उत्पत्ती तो मान नर-नारी सगळ्यांना देते. आमच्याकडे शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. माझ्या पणजोबांना काळीत वावर नव्हतं, पांढरीत घर नव्हतं. गावकुसाबाहेरच्या त्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं असेल!

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भुई हलली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली, हजारो माणसं गेली. ज्या मातीनं घडवलं, तिनंच का गाडलं? या प्रश्नाला माझ्या श्रद्धेकडे उत्तर नाही, आणि उत्तर आहे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. पण लोक ढिगारे उपसत राहिले. आत कुणी जिवंत नाही हे कळल्यावरही उपसत राहिले. देह नुसतं टाकलेलं वस्त्र असता तर कुणी इतकं खणलं असतं?

आजोबांच्या मातीला पाळकांची प्रार्थना झाली. मी ढेकूळ उचललं. आजीनं माझा हात धरला. “ढेकूळ टाकू नको बाबा, लागंल त्यायला.” मग तिनं ते माझ्या हातातून घेतलं, बोटांनी चुरून पिठासारखं केलं आणि हलकेच खाली सोडलं.