फेरीबोटीतली दहा मिनिटं

व्हिसा आला, तिकीट झालं. एमएससाठी जर्मनीला निघालेल्या दोस्तासोबत शेवटची ट्रिप मस्टच ना! पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बागमांडल्याला गाडी थेट फेरीबोटीत. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. दिवसभर स्टेअरिंग न सोडलेला तो इथे रिकाम्या हातांनी कठड्याला टेकला. म्हणाला, ‘आईला दोनच वर्षं सांगितलीत. पण लोन फेडायचं तर किमान पाच.’ कुणीच काही बोललं नाही.

केळशी, आंजर्ले करत संध्याकाळी हर्णै. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. त्या कलकलाटातून जरा बाजूला जाऊन त्याने घरी फोन लावला. खरं सांगायला.

तुमच्यातलंही कुणी निघालंय? मग वाटेत एक फेरीबोट ठेवाच!