चौघांचें विमान

पुष्पक विमान मूळचें कुबेराचें. तें रावणानें बळानें नेलें, आणि लंकेहून परतल्यावर श्रीरामांनीं तें पुन्हां कुबेराकडे धाडून दिलें, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. त्या विमानास तेल कोण घालीत असे, त्याची तपासणी कोण करीत असे, हें मात्र आदिकवींनीं सांगितलेलें नाहीं. दिव्य वस्तूला निगा लागत नसावी! मनुष्याच्या विमानाला ती लागते. आणि किती लागते, हें गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत माझ्या पुतण्याकडे दोन महिने राहिलों असतां पाहावयास मिळालें.

विस्कॉन्सिन हा दुधाचा आणि चीजचा मुलूख. दृष्टि पोंचेल तेथपर्यंत मक्याचीं शेतें, मधून मधून तांबडे रंगविलेले गोठे, आणि पूर्वेकडे विनेबेगो नांवाचें विस्तीर्ण सरोवर. त्याच्या दक्षिण टोकाच्या गांवाचें नांव फाँडुलॅक. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थच 'सरोवराचा शेवट' असा आहे. तेथून वीसएक मैलांवर, पश्चिम कांठावर, ऑशकॉश हें शहर. पुतण्या फाँडुलॅकला राहतो. तेथील लहानशा विमानतळावर पत्र्याच्या खोल्यांची एक लांबलचक रांग आहे. आपल्याकडे मोटारीसाठीं गॅरेज असतें तशी ही एकेकाच्या विमानाची खोली. तिला हँगर म्हणतात.

पुतण्याचें विमान सेस्ना १७२ या जातीचें. ही जात १९५६ पासून विकली जात आहे, आणि आजवर तिचीं चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. चार आसनें, डोक्यावर पंख, पुढें एक पंखा, आणि एकंदर थाट एखाद्या जुन्या मोटारीसारखा. हें विशिष्ट विमान १९७४ सालीं जन्मलें. पुतण्या त्याहून दहा वर्षांनीं लहान. पुतण्याचें म्हटलें खरें, परंतु त्याचा वांटा चार आण्यांचा. उरलेले तीन वांटे एका सत्तरी ओलांडलेल्या गोठेवाल्या शेतकऱ्याचे, एका शाळेंतील शास्त्रशिक्षकाचे आणि एका इस्पितळांतील परिचारिकेचे. चौघांपैकीं कोणीही कुबेर नव्हे. म्हणूनच विमान समाईक.

समाईक वस्तूची आपल्याकडे काय दशा होते, तें मी वाचकांस सांगावयास नको. चार भावांच्या विहिरीचा गाळ कोणीच काढीत नाहीं. येथें मला निराळें दिसलें. प्रत्येक उड्डाणापूर्वीं वैमानिक पंखांतील टाक्यांतून थोडें पेट्रोल एका कांचेच्या नळींत काढून उजेडांत धरून पाहतो. पाणी जड, तें तळाशीं बसतें. पेट्रोलचा रंग निळा, त्यामुळें तें वेगळें ओळखूं येतें. दर पन्नास तासांनीं इंजिनाचें तेल बदलावयाचें, आणि जुना फिल्टर तसाच टाकून न देतां कापून उघडावयाचा. त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकतात काय, हें पाहावयाचें. वैद्यानें नाडी पाहावी तसा हा प्रकार. तेल, प्लग, चाकें अशीं ठराविक कामें परवानाधारक मालकास स्वतः करतां येतात. परंतु केलेल्या कामाची नोंद तारखेनिशीं व सहीनिशीं वहींत करावीच लागते. अशा वह्या तीन: एक सांगाड्याची, एक इंजिनाची, एक पंख्याची. १९७४ पासूनचें सारें दप्तर हँगरमधील लोखंडी कपाटांत आहे. वह्या हरवल्या तर विमानाची किंमत एकदम उतरते. कारण विकत घेणारा पत्रा घेत नाहीं, विश्वास घेतो.

इंजिनाचें आयुष्य तासांत मोजतात. या इंजिनाची संपूर्ण खोलून दुरुस्ती दोन हजार तासांनीं करावी, अशी कारखान्याची शिफारस आहे. चौघांनीं तासाला वीस डॉलर याप्रमाणें वेगळी रक्कम टाकण्याचा नियम केलेला. म्हणजे दोन हजार तासांस चाळीस हजार. मी गेलों तेव्हां सतराशें तास झाले होते आणि चौतीस हजार जमले होते. हिशेब चोख होता. वाद निघाला तो या रकमेवरूनच.

परिचारिकेचें म्हणणें असें: विमान आडवें आहे कीं कलतें आहे हें दाखविणारीं जुनीं यंत्रें भोंवऱ्यावर चालतात, आणि तो भोंवरा इंजिनावर चालणाऱ्या एका हवेच्या पंपावर फिरतो. पंप पूर्वसूचना न देतां बंद पडतो. मग भोंवरा हळूहळू मंदावतो आणि यंत्र खोटें बोलूं लागतें. ढगांत सांपडलेला वैमानिक त्यास खरें मानतो आणि प्राणास मुकतो. तेव्हां हीं यंत्रें काढून विजेचे पडदे बसवावे. खर्च अठरा हजार. शेतकरी म्हणाला, "आधीं गाईचा खुराक, मग गळ्यांतली घंटा. हा पैसा इंजिनाचा आहे." ती म्हणाली, "ही घंटा नव्हे, हे डोळे आहेत." दोघांचेंही खरें होतें, म्हणूनच वाद मिटेना. शिक्षक गप्प बसला. पुतण्या माझ्याकडे पाहूं लागला. परंतु दुसऱ्यांच्या भाऊबंदकींत पाहुण्यानें बोलूं नये, हें मी जाणून होतों.

इतक्यांत वार्षिक तपासणी आली. प्रत्येक बारा महिन्यांत, खास अधिकार मिळालेल्या कारागिरानें विमान उघडून पाहिल्यावांचून तें उडवितां येत नाहीं. त्यानें चारी सिलिंडरांत ऐंशी पौंड दाबाची हवा सोडून ती कितपत टिकते, हें पाहिलें. तिघांत सत्तराच्या वर टिकली. तिसऱ्या सिलिंडरांत बावन्न. धुराच्या नळीशीं कान लावतां फुसफुस ऐकूं येई; म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप नीट बसत नव्हती. सिलिंडर उतरवून दुरुस्तीस धाडावा लागणार, आणि त्यास कांहीं आठवडे लागणार.

जुलैचा शेवटचा आठवडा जवळ आला होता. त्या आठवड्यांत ऑशकॉशला विमानांची जत्रा भरते. १९५३ सालीं स्थापन झालेल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशननें ती १९७० पासून तेथें भरवावयास आरंभ केला. हल्लीं दहा हजारांहून अधिक विमानें त्या परिसरांत उतरतात. "काका, तुम्हांला आपल्या विमानांतून नेईन," असें पुतण्यानें मला पुण्याहून निघण्यापूर्वींच कळविलें होतें. आतां चौघांचेंही जाणें बुडालें. तरी 'एवढ्या वेळेपुरती सही द्या' असा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाहीं. त्याच टेबलाशीं त्यांनीं ठरविलें: सिलिंडरचा खर्च इंजिनाच्या रकमेंतून करावा, पडदा तूर्त एकच, स्वतःची बॅटरी असलेला, बसवावा, आणि त्याचे सहा हजार प्रत्येकीं दीड हजार याप्रमाणें खिशांतून द्यावे. शेतकऱ्यानें पहिला चेक लिहिला.

आम्ही मोटारीनें गेलों. वाटेंत फिस्क नांवाचें खेडें लागतें. जत्रेस येणारीं लहान विमानें रिपन गांवापासून आगगाडीच्या रुळांवरून एकामागून एक येतात. वेग ताशीं नव्वद नॉट, म्हणजे सुमारें १६६ किलोमीटर. खालीं नियंत्रक बसलेले असतात. ते विमानाचा रंग आणि जात पाहून हांक देतात. वैमानिकानें तोंडानें उत्तर द्यावयाचें नाहीं, पंख हालवावयाचे. निळें विमान आलें, पंख डोललें, पुढें गेलें. पांढरें आलें, डोललें, पुढें गेलें. ऑशकॉशला पोंचल्यावर पाहिलें तों हिरवळीवर रांगाच रांगा, आणि पंखांखालीं तंबू ठोकून आजोबा, सुना, नातवंडें स्वयंपाकांत गुंतलेलीं. पुष्कळांनीं आपलें विमान स्वतः बांधलेलें. कोणींही थांबून विचारावें आणि त्यांनीं टोपण उघडून दाखवावें. आमचें विमान तेथें नव्हतें, याचें पुतण्याला वाईट वाटत होतें; परंतु तो त्याबद्दल बोलला नाहीं.

माझ्या मनांत त्या वह्यांचाच विचार घोळत होता. पन्नास वर्षांत विमानाचे मालक बदलले, कित्येक भाग बदलले. सही करणाऱ्यांपैकीं कांहीं आज हयातही नसतील. तरी त्यांनीं लिहिलेल्या ओळीवर भरंवसा ठेवून एक तरुण आपलीं मुलें मागच्या आसनावर बसवितो. समाईक वस्तु सर्वांची असल्यानें नासते, असें आपण म्हणतों. मला वाटतें, ती नासते कोणाचीच सही नसल्यानें.

सप्टेंबरांत, मी पुण्यास परतल्यावर, पुतण्यानें एक छायाचित्र पाठविलें. तें विमानाचें नव्हतें. इंजिनाच्या वहींतील पानाचें होतें. तारीख, तास, 'सिलिंडर क्रमांक ३ पुन्हां बसविला', आणि खालीं कारागिराची सही. तें मी घरांतील मुलांस दाखविलें.