कोऱ्या पानावरचं नाव

शहापूर,
रविवार रात्र

चि. चिऊस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, माळ्यावरच्या डब्यातला तो जुना गेम मी टोरांटोला घेऊन आले, तर त्यात आधीपासूनच माझं नाव कसं?" इथे तेव्हा पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की धड बोलता येईना. शिवाय ही गोष्ट घाईघाईत सांगण्यातली नव्हती, म्हणून लिहायला बसलो.

२००८ची दिवाळी झाली आणि ताई, म्हणजे तुझी आई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आपलं म्हसा गावाजवळचं घर तेव्हा कौलारू होतं. मुरबाडच्या डॉक्टरांनी तिला जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं होतं. भाताची झोडणी चालू, घरातली सगळी माणसं खळ्यावर, आणि ही एकटी खाटेवर. त्यात भारनियमन. दिवेलागणीला वीज गेली की जेवणं उरकेपर्यंत यायची नाही. कंदिलाच्या उजेडात वाचलं की तिचं डोकं दुखायचं.

दिवाळीला न्यूजर्सीहून आलेल्या नात्यातल्या एका दादाने जाताना त्याचा निन्टेन्डो डीएस लाइट मला देऊन टाकला होता. मंद उजेडावर ठेवला तर एका चार्जिंगवर १५ ते १९ तास चालायचा. झाकण मिटलं की गेम जिथल्या तिथे झोपायचा, उघडलं की पुढे सुरू. सोबत दोन गेम होते. एक गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स अ‍ॅडव्हान्स', २००३चा. दुसरा त्याचा पुढचा भाग, 'ए टू : ग्रिमॉयर ऑफ द रिफ्ट', जपानात २००७ला आणि अमेरिकेत २००८च्या जूनमध्ये आलेला. तुझ्या हातात आहे तो हाच दुसरा.

तिसऱ्याच दिवशी मी दादाचा अमेरिकन चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला. त्यावर १२० व्होल्ट छापलेलं होतं, आपल्याकडे २३०. वीज आल्या आल्या करपल्याचा वास सुटला आणि चार्जर गेला. ताईचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, न बोलता पैसे काढून दिले. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला जाऊन जुळणारा चार्जर आणला, तेव्हा कुठे खेळ पुढे सरकला.

आता तुझ्या नावाचं. गेमची सुरुवात तू पाहिलीच असशील. सुट्टी लागायच्या दिवशी लूसो नावाच्या मुलाला शिक्षा म्हणून ग्रंथालयात पाठवतात. तिथे त्याला एक पुस्तक सापडतं, पुढची पानं कोरी असलेलं. ती पानं भरणाऱ्याचं नाव पुस्तक विचारतं आणि तो आपलं नाव लिहितो. इथे खेळणाऱ्याला हवं ते नाव घालता येतं. मी माझं घालणार, तेवढ्यात ताईने डीएस माझ्या हातातून घेतला आणि इंग्रजी अक्षरांत एक नाव लिहिलं. मी म्हटलं, "हे कोण?" ती म्हणाली, "बारशाला कळेल." बारशाला तुझ्या आत्याने पाळण्यात वाकून तुझ्या कानात तेच नाव सांगितलं. पाळण्याआधी ते त्या पुस्तकात पडलेलं होतं, हे ठाऊक असलेली माणसं दोनच, ताई आणि मी. आता तू तिसरी.

तुझं म्हणणं, गेम चांगला आहे पण गोष्टीत दम नाही. बरोबर आहे. आम्ही दोन्ही भाग खेळलो, त्यामुळे फरक लगेच जाणवला. पहिल्या भागात मार्श हा मुलगा मित्रांसह इव्हालिस नावाच्या जगात जाऊन पडतो. त्याचा चालता न येणारा धाकटा भाऊ तिथे धावतो. मित्राची वारलेली आई तिथे जिवंत असते. असं जग मोडून घरी परतायचं म्हणजे काय, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहतो. लूसोच्या वाट्याला असं काही येत नाही. तो सिड नावाच्या म्होरक्याच्या टोळीत सामील होतो आणि एकामागून एक कामं करत सुटतो. अशी कामं तीनशेच्या घरात आहेत आणि कित्येक एकसारखी आहेत.

लढाईतल्या नियमांतही फरक होता. पहिल्या भागात पंच लाल कार्ड दाखवून थेट तुरुंगात टाकायचा. दुसऱ्यात तो जाच कमी झाला. नियम मोडला तर पंचाचं संरक्षण जातं आणि त्या लढाईत पडलेल्याला पुन्हा उठवता येत नाही, एवढंच. हा बदल मला चांगला वाटतो. पण काही नियम अन्यायाचेच. एकदा नियम होता, कुणालाही मागे ढकलायचं नाही. माझ्या शिपायाचा वार नशिबाने जोरात बसला आणि शत्रू आपोआप एक घर मागे सरकला. पंच निघून गेला, आमची उपचार करणारी पोरगी पडली ती उठलीच नाही. ताई चिडली. "मुद्दाम केलं नाही, त्याची शिक्षा कसली? आणि समोरच्यांना नियम नाहीतच का?" तिचं खरं होतं. शिवाय नकाशा फिरवता येत नाही, त्यामुळे उंचवट्यामागचा माणूस दिसत नाही.

पण जे चांगलं होतं ते फार चांगलं होतं. पहिल्या भागात मंत्रशक्ती सुरुवातीलाच भरलेली असायची. इथे ती शून्यापासून सुरू होते आणि दर पाळीला दहाने वाढते. मोठा मंत्र हवा तर तोवर माणूस जपायचा. मला घाई व्हायची, ताई म्हणायची, "थांब. अजून दोन पाळ्या." विद्या शस्त्रातून येते. तलवार पुरेशा लढायांत हातात राहिली की तिचं कसब कायमचं आपलं होतं. आणि एक काम म्हणजे बहुतेक वेळा एक लढाई, वीज येईपर्यंत एखाददुसरं व्हायचं. दम नसलेली तीच गोष्ट पडून असलेल्या बाईला झेपणारी होती. तिथे काळजीला जागाच नव्हती.

पौषात म्हशाची जत्रा भरली. बैलबाजारातून परतलेले आबा खाटेशी टेकले आणि पडद्याकडे बघत राहिले. आमच्या टोळीत बहुतेक तलवारवालेच भरलेले. आम्ही हरत होतो. आबा म्हणाले, "एकटा बैल कितीही देखणा असू दे, जू दोघांच्या मानेवर असतं. जोड बघा." इतक्या जमाती, पन्नासच्या वर पेशे, ते कशासाठी हे आम्हाला त्या रात्री कळलं. ताईने दोन तलवारवाले बसवले, एक मूगल जमातीचा आणि एक मंत्रवाली घेतली. दोन दिवसांनी ती लढाई जिंकलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू झालीस आणि त्या फाइलला कुणी हात लावला नाही.

शेवट मी नंतर माझ्या वेगळ्या फाइलवर पाहिला. लूसो आपल्या जगात परततो. तेव्हा मला काही खटकलं नव्हतं. तू टोरांटोला गेल्यापासून मात्र या गेमचा खरा दोष मला दिसायला लागला आहे. लूसोला आई-वडील नाहीत, त्याला सांभाळणारी एक आंट आहे. ती मावशी, आत्या की मामी, यावर ताईचा नि माझा वाद व्हायचा, कारण गेम तिच्याबद्दल फारसं काही सांगतच नाही. पोरगं परक्या मुलखात रमतं, ते रमावंच. पण मागे त्या घरात संध्याकाळी कोण दाराशी येऊन उभं राहत असेल, त्याला एकसुद्धा पान नाही.

तुझी आई आसनगावची गाडी वाजली की अजून घड्याळ बघते. तुझी कॉलेजातून यायची ती वेळ. तुला ती हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. फोन रोज होतोच, तरी तिला एकदा दोन ओळी हाताने लिहून पाठव.

आणि गेम नव्याने खेळायचा असेल तर माझी फाइल खुशाल पूस. पहिली तेवढी राहू दे.

तुझा,
मामा