बेत समुद्राचा, हंगाम कापसाचा

पुतणीनं पुण्याहून फोनवर तीन गोष्टी कबूल केल्या: प्रवाळ, बुडालेलं जहाज आणि देवमासा. "काका, तिन्ही दाखवते. तुम्ही फक्त तारीख द्या." तिच्याकडे स्कूबाचं प्रमाणपत्र आहे. आमच्याकडे दर्यापूरला आठ एकर काळी आहे. तारीख आपल्या हातात असते असं तिला वाटतं, ते त्यामुळेच.

समुद्राच्या पोटात उतरायचा हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाचा गाळ तोवर खाली बसतो आणि मालवणचं पाणी निवळतं. आमच्या कापसाची वेचणीही नेमकी त्याच दिवसांत. वेचणाऱ्या बाया एकदा दुसऱ्याच्या वावरात गेल्या की आठ दिवस हाती लागत नाहीत. आम्ही मोकळे होतो ते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा तिकडं वारं वाढलेलं असतं, आणि मे सरता सरता बोटीच बंद. कापसाला आणि समुद्राला एकाच वेळी माणूस लागतो, ही अडचण पुण्यात कोणाला सुचणार?

शेवटी मधली फट सापडली. कापूस आटोपलेला, हरभरा घरात आलेला आणि होळी अजून आठवडाभर लांब: मार्च 2025 चा पहिला आठवडा.

मग पुतणीच्या यादीला कात्री लागायला सुरुवात झाली. प्रवाळांचं म्हणाल तर मला आंग्रिया बँक पाहायची होती. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या वर, भर समुद्रात बुडालेलं पठार, त्यावर प्रवाळांची वस्ती. पण त्याचा माथाच वीस मीटर खोल. आमच्यासारख्या नवशिक्याला प्रशिक्षक बारा मीटरच्या खाली नेत नाही. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, सहा-सात मीटर. आमच्या हिशेबानं साडेतीन-चार पुरुष, बऱ्या विहिरीएवढं. तेवढं जमेल असं वाटलं. मी पोहायला शिकलो पूर्णेच्या डोहात, पाठीला भोपळा बांधून. खाऱ्या पाण्याची तर आम्हांला भीतीच नाही. खारपाणपट्ट्यात जन्म गेला; शहानूर धरणाचं पाणी नळाला येण्याआधी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे.

जहाजाची गंमत वेगळीच झाली. नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' निवती रॉकजवळ बुडवून त्यावर माशांचं, प्रवाळांचं घर वसवायचं, असा पर्यटन महामंडळाचा प्रकल्प. फेब्रुवारीत नौदलानं ते जहाज महामंडळाच्या हवाली केलं होतं. मी फोन केला तर पुतणी म्हणाली, "काका, ते अजून बुडायचं आहे." बुडवण्याआधी आतलं तेल, तारा, सगळं काढून साफ करावं लागतं म्हणे. आमच्याकडे जुनं ट्रॅक्टर भंगारात काढतानाही तेवढी निगा कोणी राखत नाही.

राहिला देवमासा. मला दिसला होता तो टीव्हीवर, 2023 च्या दिवाळीत. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. लोक बादल्यांनी पाणी ओतत होते, दोर लावून ओढत होते. समुद्रात नेलं, तरी शेवटी गेलंच ते. भाऊबीजेचं ताट तसंच ठेवून माय टीव्हीसमोर बसली होती. 2015 मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळ्या देवमाशांची नोंद झाली, ब्राइड्स देवमासेही तिकडं दिसतात, हे पुतणीनंच सांगितलं. पण त्यांचं रिझर्व्हेशन होत नाही, हेही तिनंच सांगितलं.

बेताचा खरा घोळ हरभऱ्यानं केला. स्कूबाच्या अर्जात विचारलं होतं: दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का, सर्दी आहे का? खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. मग नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. नाक चोंदलेलं असेल तर ते होत नाही, आणि पडद्याला इजा होऊ शकते. मळणी निघायच्या दहा दिवस आधी उरकायची, असं मी ठरवलं होतं. थ्रेशरवाला आला निघायच्या दोन दिवस आधी. बायको ढिगाजवळ उभी राहिली आणि हरभऱ्याचा भुसा नाकात घेऊन बसली. गाडीत अकोल्यापासून शिंकत होती.

ती आठवड्यातून दोनदा धावणारी नागपूर-मडगाव गाडी. दुसऱ्या दिवशी कुडाळ, तिथून तासाभरात मालवण. समुद्रावर प्रशिक्षकानं बायकोचं नाक पाहिलं आणि म्हणाला, "काकी, तुम्ही होडीतच बसा."

मी उतरलो. पहिली दोन मिनिटं फक्त माझ्याच श्वासाचा आवाज, रात्री चोंदलेल्या नळातून येतो तसा. मग खडकाच्या कपारीतून पिवळे-काळे पट्टे असलेले मासे निघाले, शाळा सुटल्यासारखे. खडकावर प्रवाळ होते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, रंगानं मळकट. टीव्हीवर दाखवतात तसे झगमगीत नव्हते आणि त्यामुळेच खरे वाटले. प्रशिक्षकानं हातानं विचारलं, कसं काय? मी खुशीत अंगठा वर केला. त्यानं माझा पट्टा धरला आणि मला वर काढायला लागला.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". 'ठीक'साठी तर्जनी-अंगठ्याचा गोल करायचा. किनाऱ्यावर अर्धा तास हेच शिकवलं होतं. मी हातपाय हलवून नाही-नाही केलं, त्याला वाटलं माणूस घाबरला. पाचएक मिनिटांत आम्ही वर.

होडीत बायको उभी होती आणि पुतणी तिला घट्ट धरून. पन्नासएक हातांवर पाण्यातून करडी पाठ वर येत होती, बुडत होती. मग दुसरी, तिसरी. डॉल्फिन. मी मुखवटा काढेपर्यंत गेलेसुद्धा.

आता दर्यापुरात, बनोशाच्या बाजारात, भाजी निवडता निवडता, बायको सांगते, "हे खाली गोटे पाह्यत होते, म्या वर देवमासा पाह्यला." मी एकदा दुरुस्त करायला गेलो. पुतणीनं मलाच गप्प केलं: डॉल्फिन देवमाशाच्याच कुळातला, काकू चुकत नाही.