संभवनीयतेचे माप

बोदलकसा येथे तलावाकाठी मुक्कामास असताना माझा भाचा संगणकावर ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा २०१३ साली आलेला खेळ खेळत होता. त्याचा पट ११ नोव्हेंबर १४४४ ला उघडतो आणि १८२१ पर्यंत चालतो. भाच्याने पोर्तुगाल घेतला होता. हिंदुस्थान संगणकाच्या हवाली होता. सतराव्या शतकाच्या मध्यावर त्याने नकाशा सरकवला, तेव्हा गोंडवनाचे राज्य पूर्व समुद्राला भिडलेले दिसले. “हे कसे शक्य आहे?” मी उद्गारलो. तो म्हणाला, “मामा, कुणी केलं नाही. झालं.”

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतही इतिहास फिरतो. परंतु तेथे फिरण्याचा बिंदू लेखकाने निवडलेला आहे: विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि पुढचे सारे त्यातून उलगडते. खेळात असा बिंदू सापडत नाही. कर, उत्पादन, मनुष्यबळ यांचे आकडे, शेजाऱ्यांशी झालेले तह, एखाद्या राजाचा निपुत्रिक मृत्यू, हे सारे निवेदकाविना साचत जाते. कथानक मागाहून पाहणारा रचतो. आश्चर्यही त्याचेच असते.

काव्य संभवनीयाचे कथन करते, म्हणून ॲरिस्टॉटलने त्यास इतिहासाहून वरचे स्थान दिले. संभवनीय काय हे ठरवणारा मात्र स्वतः इतिहासातच उभा असतो. १५६४ मध्ये राणी दुर्गावतीचा रणांगणावर अंत झाला. अठराव्या शतकात देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. हे घडले, एवढेच मला म्हणता येते. पण ते घडणारच होते असे मी धरून चाललो होतो. नागपूर देवगडच्या बख्त बुलंद शाहने वसवले, हे ठाऊक असूनही नागपूर म्हटले की मला भोसलेच आठवतात. ज्या मुलखात मी बसलो होतो, तेथे गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही भातशेतीला पाणी देतात; अशी राजवट टिकणे मला अशक्य का वाटावे?

नारळीकरांची कथा वाचताना पानिपत उलटले याचे मला आश्चर्य वाटले नव्हते, समाधान वाटले होते. देवगडचा शेवट उलटावा, असे मात्र माझ्या मनात कधी आले नाही. तेथे जिंकणारे आम्ही होतो.