इन्सुलिन घेतलं, पण जेवण कुठे आहे?

गेल्या वर्षी ह्यूस्टनला बहिणीकडे गेलो होतो. शनिवारी संध्याकाळी घराजवळच्या मेक्सिकन हॉटेलात जायचं ठरलं. भाऊजींना मधुमेह आहे. दहा मिनिटांचा तर रस्ता, म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिन त्यांनी घरीच घेतलं. मी डॉक्टर, समोरच बसलो होतो, पण काही बोललो नाही.

तिथे पाऊण तास रांग! टेबल मिळेपर्यंत भाऊजी घामाने डबडबले, हात थरथरू लागले. साखर 54.

अशा हॉटेलात बसल्याबरोबर मक्याचे चिप्स आणि साल्सा येतो. बहिणीने घाईने चिप्स आणि ग्वाकामोले पुढे केलं. मी थांबवलं. चिप्समधलं तेल आणि ॲव्होकॅडोतली चरबी पचन लांबवते, साखर रक्तात उशिरा पोहोचते. वेटरला म्हटलं, गोड काहीतरी, लगेच! तो धावत होर्चाता घेऊन आला. तांदूळ आणि दालचिनीचं गोड पेय, आपल्या खिरीचं पातळ भावंडच म्हणा. पंधरा मिनिटांनी साखर 82. मग कुठे आम्ही एन्चिलाडा मागवले. वेटरने होर्चाताचे पैसे बिलात लावलेच नव्हते.

तुम्हीही जेवणाआधी इन्सुलिन घेत असाल, तर खिशात सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर ठेवा. डाएट कोला इथे उपयोगाचा नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

भाऊजी आता पेन सोबत नेतात आणि ताट समोर आल्यावरच टोचतात.