वरळीच्या पाण्याची नाडी

मुंबईला गेलेला आपला माणूस समुद्र पाहिल्याशिवाय परतत नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत तर कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतली माणसे राहिली. पुढच्या खेपेला वरळीच्या किनाऱ्यावर गेलात, तर नुसती हवा खाऊन येऊ नका. पाण्याकडेही पाहा.

उत्तर टोकाला जुना किल्ला आहे. त्याला लागून कोळीवाडा, होड्या आणि वाळत घातलेली जाळी. दक्षिणेच्या बाजूला लव्हग्रोव्हचे सांडपाणी केंद्र. येथे शहराच्या मैलापाण्यातला कचरा आणि रेती काढतात आणि ते पाणी बोगद्यातून सुमारे ३.४ किलोमीटर आत समुद्रात सोडतात. हा बोगदा १९९९ साली सुरू झाला. शिवाय पावसाळी नाल्याचे पाणीही येथेच येते. एकाच किनाऱ्यावर शहराची घाण आणि कोळ्यांची भाकरी! म्हणून या पाण्याची नाडी वेळोवेळी पाहावी लागते. ते काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. वरळी, हाजीअली, दादर, गिरगाव चौपाटी, मिठी नदी अशा ठिकाणांहून मंडळ पाण्याचे नमुने घेते.

शेतकरी बंधूंनो, माती परीक्षणाचे नियम आठवा. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाखालची माती आपण घेत नाही. नागमोडी चालत ठिकठिकाणची माती गोळा करतो. नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, खताचा हिशेब चुकतो. पाण्याचेही तसेच आहे.

पहिला प्रश्न, नमुना कुठला? नाल्याच्या तोंडाशी घेतला तर घाण कोठून येते ते कळते. आत समुद्रात घेतला तर ती कुठवर पोचते ते कळते. दोन्ही हवेत.

दुसरा प्रश्न, केव्हाचा? भरतीला समुद्राचे पाणी नाल्याच्या तोंडात शिरते आणि घाण पातळ होते. ओहोटीला खरे रूप दिसते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती यांतला फरक कोळीदादा बोटांवर सांगतो. तपासणीचे वेळापत्रक आखताना त्याला विचारणे शहाणपणाचे. उन्हाळ्याचा नमुना वेगळा, पहिल्या पावसाचा वेगळा.

तिसरा प्रश्न, पाहायचे काय? पाण्यात विरघळलेला प्राणवायू पाहतात, कारण मासे त्यावर जगतात. घाण कुजताना किती प्राणवायू खाते तेही मोजतात. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची संख्या काढतात. समुद्रस्नानाच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जंतू १०० पेक्षा जास्त नसावेत, असे केंद्रीय मानक आहे.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा. आकडा वाईट आला तर पुढे काय? तो वहीत पडून राहिला तर तपासणीचा खर्च पाण्यात गेला. वरळीला रोज ५० कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र योजले असून त्याची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. असे केंद्र चालू झाल्यावर पाणी सुधारले की नाही, हे सांगायला आधीचे आकडे हवेत. आधीचा नमुना नसेल तर नंतरची तुलना कशाशी करणार?

हे सारे गावाला लागू नाही असे समजू नका. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे जोखीम मोठी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती घरांत ठाऊक आहे? येत्या ग्रामसभेत जलसुरक्षकाला विचारा. नमुना कोणत्या विहिरीचा, केव्हा घेतला आणि दोष निघाला तेव्हा काय केले? भगिनींनी तर अवश्य विचारावे. पाणी त्याच भरतात आणि घरात जुलाब झाले तर रात्र त्यांनाच जागावी लागते.